जोडीदाराचं नाव

ऑगस्टमधल्या दुबईत एसीच्या खोलीतून एकदम बाहेर आलं, की चष्म्यावर वाफ धरते. चष्मा लावणारा माणूस मिनिटभर आंधळाच होतो. हे वरदला अजून कुणी सांगितलं नव्हतं. साताऱ्याहून येऊन त्याला तीनच दिवस झाले होते.

ईश्वरी समोरच्या इमारतीतून फायलींचा गठ्ठा छातीशी धरून येत होती. तो दारातून बाहेर पडला आणि — सगळ्या फायली अंगणात!

“सॉरी! एक्सट्रीमली सॉरी! मला काही दिसत नाहीये...”

“ते कळलं,” ती मराठीत म्हणाली. “आता हलू नका. तुमचा बूट एका कुटुंबावर आहे.”

त्यानं घाबरून पाय उचलला. खाली एक फाइल होती. मग चष्मा शर्टाला पुसून त्यानं वर पाहिलं. फिकट जांभळी ओढणी, कपाळावर घाम, आणि राग आणू पाहणारे पण हसू लपवता न येणारे डोळे...

“तुम्ही मराठी?” त्यानं विचारलं.

“आधी उचला,” ती म्हणाली. “आणि तारखेप्रमाणे लावा. एक फाइल खाली गेली, तर त्या माणसाचं घर वर्षभर लांबेल.”

आता या कचेरीत काम कसं चाले, ते आपण नीट समजून घेऊ. कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. ही दुबईच्या देरा भागातली सरकारी गृहनिर्माण कचेरी. ज्या स्थानिक कुटुंबांना स्वतः घर बांधणं झेपत नसे, त्यांना सरकार घर देई. माणूस आधी काउंटरवर अर्ज देई. काउंटरवर ईश्वरी असे. एखादा रकाना रिकामा असला, तर ती लाल चिठ्ठी जोडून अर्ज परत पाठवी. अर्ज पूर्ण असला, तर सर्व्हेअर त्या कुटुंबाच्या घरी जाऊन पाही : माणसं किती, खोल्या किती, म्हातारं कोण, आजारी कोण. याला घरभेट म्हणत. घरभेटीवाचून कुठल्याच अर्जाचा निर्णय होत नसे. मग गुण, मग यादी, मग वाट पाहणं. शेवटी किल्ली.

वरद हा तो नवा सर्व्हेअर.

त्याचे घरभेटीचे कागद ईश्वरीच्या टेबलावर येऊ लागले. शेऱ्यासाठी तीन ओळी असत. वरद कागद उलटून मागेही लिही.

“हे काय?” तिनं एकदा विचारलं. “‘आजी दाराशी झोपते. येणारा-जाणारा दिसला नाही तर तिला झोप लागत नाही. तिची खोली दाराजवळ असावी.’ अहो, कॉम्प्युटरमध्ये हे कुठे भरू मी?”

“भरू नका. पण वाचलंत ना?”

“वाचलं.”

“मग झालं काम.”

कुणी नसताना तिनं नकाशा करणाऱ्याला फोन करून त्या आजीची खोली दाराजवळ घ्यायला सांगितली, हे तिनं वरदला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते तिचं तिलाही कळलं नाही.

घरं दिली म्हणजे वस्ती होत नाही, असं त्यांच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं होतं. म्हणून नव्या वस्तीत एक केंद्र होतं. तिथे बायकांसाठी शिवणवर्ग आणि अक्षरवर्ग चाले. दर मंगळवारी कचेरीची व्हॅन तिकडे जाई. ईश्वरी बायकांना फॉर्म भरायला शिकवी, वरद मुलांबरोबर झाडांचे खड्डे आखी. आणि सोबत असत हव्वाबी. रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या, श्रीवर्धनच्या, पानाच्या डब्याशिवाय कुठेही न जाणाऱ्या.

परतताना वाळूवर ऊन उतरलेलं असे. वरद कुणाकुणाच्या अंगणातून मिळालेली लिंबं तिच्या ओंजळीत ओती. बोटं जराशी लागत... लागत की नाही, याबद्दल ती घरी जाऊन बराच वेळ विचार करी.

“यल्ला पोरी, बस गाडीत,” हव्वाबी म्हणत. “लिंबं पिळायची असतात, बघत नाय बसायची.”

असं वर्ष होत आलं.

आणि जूनमधल्या एका सकाळी ईश्वरीच्या टेबलावर एक अर्ज आला. कर्मचारी निवासासाठी. अर्जदार : वरद. खोल्या : दोन. प्रकार... ‘कुटुंब’. त्यासमोर ठसठशीत खूण. माणसं : दोन. विशेष गरज : ‘स्वयंपाकघरातली फळी खाली हवी. तिचा हात पोचत नाही.’

जोडीदाराचं नाव — रिकामं.

ईश्वरीनं कागद खाली ठेवला. पुन्हा उचलला. दोन माणसं. तिचा हात पोचत नाही. म्हणजे ती आहे. साताऱ्यात आहे, बुटकी आहे, आणि आता इथे येणार आहे...

ती रेकॉर्ड रूममध्ये गेली.

“हव्वाबी, वरदचं लग्न झालंय?”

“छे! दुपारी हॉटेलातली गार दाल खातो तो. बायकोवाला वाटतो का?” हव्वाबींनी सुपारी कातरली. मग हात थांबला. “पण तसं बघ, आमचे हे अकरा वर्षं देऱ्यात हॉटेलात जेवले. एका खोलीत आठजण. आठांच्याही बायका कोकणात. आता काय सांगायचं?”

“म्हणजे झालंय?”

“मी कुठं म्हटलं?”

“मग नाही झालं?”

“तेही नाय म्हटलं. पोरी, तू मला का विचारतेस? त्याला विचार.”

विचारायचं कसं? आणि कोणत्या नात्यानं? लिंबांच्या? ईश्वरी टेबलाशी परतली. रागवावं तर त्यानं काही खोटं सांगितलं नव्हतं. रडावं तर त्यानं काही कबूलही केलं नव्हतं. शेवटी तिनं तेच केलं, जे ती रोज करत असे. लाल चिठ्ठी काढली, ‘जोडीदाराचं नाव लिहिलेलं नाही’ असं लिहिलं, आणि अर्ज परत पाठवला. टाचणी मात्र दोनदा बोटात घुसली.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर सत्तावीस नंबरचं टोकन घेऊन एक माणूस उभा राहिला. बाकीच्यांसारखाच तो तासभर बाकावर बसला होता.

“तुम्ही?” ईश्वरी म्हणाली. “आतून यायचं ना.”

“लाल चिठ्ठीवाले इथूनच येतात.” वरदनं अर्ज पुढे सरकवला.

“रकाना अजून रिकामाच आहे.”

“हो.”

“बायकोचं नाव आठवत नाही?” तिचा आवाज तिला हवा होता तितका कोरडा निघाला नाही.

“बायको?” तो गोंधळला. “कुणाची?”

“तुमची! दोन माणसं, कुटुंब, खाली फळी...”

“अहो, पण तुम्हीच तर सांगितलंत!”

“मी?”

“त्या खलफान नावाच्या पोराला. इथेच, माझ्यासमोर. ‘लग्न ठरायच्या आधीच अर्ज टाक, यादी लांब आहे. तारीख धरली जाईल, नाव मागाहून दे.’ म्हणून मी तारीख धरली.”

दिवसातून चार तरुण पोरांना ईश्वरी हे वाक्य ऐकवत असे. आणि स्वतःच्या टेबलावर तसाच कागद आला, तेव्हा तिला ते एकदाही आठवलं नव्हतं!

“तो नियम घरांच्या अर्जाला आहे,” ती हळू म्हणाली. “कर्मचारी निवासाला नाही. इथे तीस दिवसांत नाव दिलं नाही, तर अर्ज खलास.”

“तीस दिवस?” त्याचा चेहरा उतरला. “मला वाटलं होतं, दोन वर्षं तरी मिळतील... धीर यायला.”

“म्हणजे तिला विचारलेलंच नाही?”

“नाही.”

“का?”

“ती माझे शेरे वाचते. मागच्या बाजूचेसुद्धा. नाही म्हणाली, तर मग मी लिहू कुणासाठी?”

मागे अठ्ठावीस नंबरवाला खाकरला. ईश्वरीनं वरच्या फळीकडे पाहिलं. फॉर्मचे गठ्ठे काढायला ती रोज स्टुलावर चढत असे. तो रोज पाहत होता तर... तिचे कान गरम झाले. तिनं अर्ज ओढून घेतला, त्यावर काहीतरी केलं, घडी घातली आणि पाकिटात घालून पाकीट बंद केलं.

“घरभेट झाल्याशिवाय निर्णय होत नाही,” ती म्हणाली. तिनं एका चिठ्ठीवर शारजातल्या रोला भागातला पत्ता लिहिला. “शुक्रवारी चार वाजता. घरात माणसं तीन. पाकीट तिथे आल्यावरच उघडायचं. नेक्स्ट!”

“पण हे हो आहे की नाही?”

“टोकन अठ्ठावीस!”

तीन दिवस वरदला काही कळत नव्हतं. पाकीट त्यानं दहा वेळा उजेडाला धरलं. पण उघडलं नाही.

शुक्रवारी एसी टॅक्सीतून तो रोल्याला उतरला आणि चष्मा पांढरा झाला. चाचपडत दोन जिने चढला, बेल दाबली. दार उघडलं. समोर एक धूसर आकृती. त्यानं वाकून हात जोडले.

“नमस्कार काका!”

“काका आत आहेत,” ईश्वरी म्हणाली.

तिनंच त्याचा चष्मा काढला. जांभळ्या ओढणीच्या टोकानं सावकाश पुसला, आणि त्याच्या नाकावर ठेवला.

“उघड आता,” ती म्हणाली. ‘उघडा’ नव्हे. त्याच्या ते लक्षात आलं, आणि त्यानं पाकीट फोडलं.

रकान्यात नाव होतं. तिच्या वळणदार अक्षरात. पण...

“पेन्सिलनं?”

“बाबा नाही म्हणाले, तर कॉम्प्युटरला काय सांगू?”

“आणि तू?”

“मी काय? माझं लिहून झालंय.”

आतून आवाज आला, “अगं ईशू, कोण आलंय?”

“सर्व्हेअर आहेत, बाबा. घरभेटीला.” मग त्याच्याकडे वळून ती कुजबुजली, “पेन आणलंयस ना?”

वरदनं खिसे चाचपले. एक. दोन. तिसरा... पेन नव्हतं. सर्व्हेअर झाल्यापासून पहिल्यांदाच.

ईश्वरीनं वेणीत खोचलेलं पेन काढून त्याच्या हातात दिलं आणि आत वळली. तो तिच्यामागून गेला — बूट काढायचे विसरून.