माझ्यासाठी केलेली बडबड

लाकडी पुलावर माझी पुस्तकांची गाडी आणि एका अनोळखी माणसाचा ट्रक नाकाला नाक लावून थांबले.

"मागे घ्या!" मी ओरडले. "फिरती लायब्ररी आहे ही!"

"ट्रकमध्ये मधमाश्यांच्या पेट्या आहेत, बाई. हिसका बसला तर त्याच येतील तुमच्याशी बोलायला."

हसूच आलं… पण वेळ कुठे होता? दहा वाजता गावच्या कौन्सिलमध्ये माझी लायब्ररी बंद करायचं मतदान. पाचशे सह्या दिल्या तर टळणार. वीस कमी होत्या, त्या मिळणार फक्त डोंगरावरच्या वस्तीत!

मी हे सगळं एका दमात सांगितलं. त्यानं ट्रक मागे घेतला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुम्ही सह्या आणा. मी गावातच चाललोय, थोपवतो त्यांना. बोलायला उभं राहिलेल्या माणसाला कुणी बसवायचं नाही, नियमच आहे."

"पण बोलणार काय?"

"काहीही! बंकमचाच आहे ना मी?"

बंकम हा आमचा परगणा. १८२० साली इथल्या खासदारानं वॉशिंग्टनमध्ये असं काही लांबण लावलं की सगळे ओरडले, 'बसा आता!' तर हा म्हणे, 'तुमच्यासाठी नाही, मी बंकमसाठी बोलतोय.' तेव्हापासून अख्खं इंग्रजी जग वायफळ बडबडीला बंकम म्हणतं. आम्हाला त्याचा अभिमानच आहे.

मी पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. संपलं सगळं, असं म्हणत दार ढकललं, तर दोन मेंबर घोरतायत आणि हा घामाघूम होऊन सांगतोय, "…तर माझी अकरावी शेळी फार मानी. बारावीशी तिचा अबोला. का? तर त्यासाठी आधी तेरावीचं लग्न…"

"अरे बाबा एमस पेनलंड, पाया पडतो!" अध्यक्ष रॅदबोन कळवळले. "कुणासाठी चाललंय हे?"

त्यानं दाराकडे पाहिलं. चिखलानं माखलेली मी, हातात सह्या.

"तुमच्यासाठी नाही. यांच्यासाठी," तो म्हणाला. "नाव… विचारायचं राहिलं."

"व्हर्ना," मी म्हटलं, आणि हुश्श करून पहिल्या खुर्चीत कोसळले.

लायब्ररी वाचली. रॅदबोननी सह्या मोजल्याही नाहीत. त्यांना फक्त घरी जायचं होतं.

बाहेर पायरीवर मी त्याला पाणी दिलं.

"अडीच तास वायफळ बोललात, एमस पेनलंड. आता एखादं कामाचं बोला की!"

त्यानं तोंड उघडलं… आवाजच नाही! पार बसला होता. नुसतेच कान लाल.

"रविवारी भेटूया, असं म्हणायचंय?"

मान हलली — नाही.

"मग शनिवारी?"

नाही.

"…आज?"

त्यानं इतक्या जोरात मान डोलावली की टोपी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. ती आणायला आम्ही दोघंही धावलो.