चाळीस सेकंद

दुपारच्या रसायनशास्त्राच्या तासाआधी अपोंदीने नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याची काच पुसली. किसुमू शहरातल्या त्या खोलीत फळा एक, शिक्षक एक. पण तास चालायचा सरोवराकाठच्या छत्तीस शाळांत. एकच चित्र ती पाच आकारांत सोडायची. चांगल्या नेटवर्कवरचा टीव्ही मोठं, स्वच्छ चित्र उचलायचा. बेटावरचा जुना फोन सगळ्यांत लहान, धूसर. ते लहान चित्र अडखळू नये म्हणून ती चार महिने झटली होती. रेंज नाही म्हणून कुणाचा तास बुडावा, हे तिला मान्यच नव्हतं.

"आजचा तास संपला की लहान चित्र बंद," संचालक ओसोरे दारातूनच म्हणाला. "ते फक्त टोकाच्या बेटावरची शाळा बघते. आणि ती शाळा कॉपी करते."

"पुरावा?"

"चित्र त्यांच्याकडे चाळीस सेकंद उशिरा पोचतं, आणि मेसेजवर उत्तरं मात्र सगळ्यांच्या आधी! प्रश्न फुटलेत, बाई. तुझ्या लाडक्या पोरांनीच फोडलेत."

"सर, परीक्षा महिन्यावर आलीय. त्यांना दुसरा शिक्षकच नाही..."

पण तो निघून गेला होता.

अपोंदी चिडून तास घेणाऱ्या ओगोला सरांकडे वळली. ते चहात तळलेली मंदाझी बुडवत होते. "म्वालिमू सर, प्रश्नांचा कागद माझ्याकडे द्या. आज प्रश्न मनाचे विचारा. तोंड उघडेपर्यंत तुम्हालाही कळता कामा नये."

"माझ्या बायकोला विचार, मी तसाच बोलतो," सर हसले.

तास सुरू झाला. यंत्रांची संथ घरघर, तापलेल्या धुळीचा वास. सर खडू बोटांत फिरवत थांबले, प्रश्न शोधत. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. बेटावरून उत्तर: सोडियम.

"रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात तो धातू कोणता?" सरांनी विचारलं.

अपोंदीच्या अंगावर काटा आला. तिने हळूच बेटावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"आवुओर मॅडम, मुलांना उत्तरं कोण सांगतं?"

"म्हणजे काय? तुमच्याच बाई."

"कोणत्या बाई...?"

"डोक्याला पिवळं फडकं बांधलेल्या. सरांच्या आधीच फळ्यावर लिहून दाखवतात. आम्हाला वाटलं, हीच तुमची पद्धत. पोरांना आवडतात हो त्या. सर जरा रटाळ आहेत."

तिने संगणकाच्या पडद्यावर पाचही चित्रं, मोठ्यापासून लहानापर्यंत, शेजारी शेजारी उघडली. पहिल्या दोनांत सर आणि मोकळी भिंत. तिसऱ्यात भिंतीवर पुसट डाग. चौथ्यात तो डाग खांद्याएवढा उंच. आणि पाचव्यात, ज्यात सरांचं नाकही धड दिसत नव्हतं, त्यांच्या डावीकडे एक बाई पाठमोरी उभी होती. पिवळं फडकं. हातात खडू.

खोलीत त्या जागी काहीच नव्हतं.

तास संपताच अपोंदीने कॅमेऱ्याच्या काचेवर तळहात ठेवला. चार चित्रं काळी झाली. पाचव्यात बाई लिहीतच होती. भीती होतीच, पण बघावंसंही वाटत होतं. अपोंदीने खुर्ची पुढे ओढली.

फळ्यावर एकच शब्द उमटला. फोन थरथरला, बेटावरच्या एकतीस मुलांनी तोच पाठवला होता: नाही.

दार उघडलं. "तास संपला," ओसोरे म्हणाला. "बंद करतेस ना?"

"नाही," ती म्हणाली. मग तिने ओठांवर हात ठेवला.

तिचा फोन बघून सर खडू झटकत पुढे आले. "प्रश्न माझ्या डोक्यात यायच्या आधी उत्तर आलं, साहेब. पोरं कॉपी करणार कुणाची?"

अपोंदीने पडदा ओसोरेकडे वळवला. तो वाकून बघत राहिला. बराच वेळ.

"राहू दे," शेवटी तो पुटपुटला. "परीक्षेपर्यंत... राहू दे चालू."

चार महिन्यांची मेहनत वाचली होती. अपोंदीने श्वास सोडला. पाचव्या चित्रातल्या बाईने फळा पुसला आणि पुन्हा खडू टेकवला. या वेळी ती सावकाश लिहीत होती.

फोन थरथरला. एकतीस वेळा, एकच उत्तर:

अपोंदीच्या खुर्चीत.

तिने ओसोरेकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. दोघांचीही तोंडं मिटलेली होती. प्रश्न अजून कुणीच विचारला नव्हता.