चाकामागचा ठोकळा

आरमोरीच्या नागसेन खोब्रागडेला फार्गो ट्रकचा स्टेअरिंग बॉक्स हवा होता. गोष्ट एवढीच होती. आता फार्गो म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. लांब नाकाचा, लाकडी केबिनचा तो ट्रक एके काळी या जंगलातून बांबू आणि सागाचे ओंडके ओढून नेत असे. तो बनवणारे गेले, चालवणारे गेले, आणि त्याचे सुटे भाग तर कधीच भंगारात वितळले.

एक फार्गो नागसेनच्या अंगणात चिंचेखाली उभी होती. ती त्याच्या वडिलांची, खुशालबाबांची. बाबांनी तिच्यावर अर्धं आयुष्य काढलं होतं. आता त्यांची उजवी बाजू वाऱ्यानं गेली होती. दिवसभर ते अंगणातल्या खाटेवर पडून गाडीकडे बघत राहायचे. डॉक्टरांनी नागसेनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय थकलंय, म्हाताऱ्याला हवं ते करू द्या. आणि म्हाताऱ्याला हवं होतं एकच.

"मले एकडाव स्टेअरिंगवर बसव. एक खेप मारू दे. मंग कायी बी होऊ दे."

नागसेनचं गॅरेज होतं, हातात कसब होतं. गिऱ्हाइकांची कामं उरकली की तो या गाडीला भिडायचा. त्याची बायको रिना म्हणायची, माझ्यापेक्षा तुमचं त्या भंगारावरच प्रेम जास्त आहे. पण इंजिन सुरू झालं त्या दिवशी तीच आधी रडली. राहिला होता तो स्टेअरिंग बॉक्स. जुन्याचे दात झिजून सपाट झाले होते, म्हणून तो दांडीसकट काढून ठेवला होता आणि केबिनमध्ये त्या जागी नुसतं भोक होतं. नागपूरच्या भंगारबाजारात लोक नागसेनला हसले. रायपूरलाही हसले.

मार्चच्या अखेरीस मोहफुलं विकत घेत हिंडणारा एक माणूस गॅरेजात पंक्चर काढायला आला. चिंचेखालचा ट्रक पाहून म्हणाला, "अशीच एक गाडी कुरखेड्याच्या पल्याड जंगलात पडून हाये." नागसेनला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पान्यांची थैली मोटरसायकलला बांधून तो निघाला.

ती गाडी सापडली मुखरू नावाच्या शेतकऱ्याच्या शेताला लागून. धानाच्या मोकळ्या बांध्या संपल्या की लगेच साग सुरू होत होता. पानझड झालेली, पाचोळा गुडघ्याएवढा. एक सरडा पळाला तरी कुणी पापड चुरतंय असा आवाज व्हायचा. मोहाचा गोड, जड वास सगळीकडे भरून राहिला होता. आणि त्या पाचोळ्यात फार्गो उभी होती. टायर नाहीत, चाकं मातीत रुतलेली, बॉनेटमधून कुड्याचं झाड वर आलेलं. नागसेननं वाकून पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. स्टेअरिंग बॉक्स जागच्या जागी होता.

ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकामागे ऐनाच्या लाकडाचा एक ठोकळा लावलेला होता. ताजा. कुऱ्हाडीचे घाव अजून पिवळे दिसत होते.

"हे कुठी पळून चालली का, मुखरूभाऊ?" नागसेन हसला.

"माहा बा लावत होता, आता मी लावतो. सडला का नवा." मुखरूनं लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "ठोकळा नसला तं गाडीतून मानूस उतरते कसा?"

नागसेनला गंमत वाटली, कारण बाबाही हेच सांगायचे. त्या जुन्या गाड्यांच्या हँडब्रेकचा भरवसा नसे. गाडी थांबली की क्लीनर आधी खाली उडी मारायचा, चाकामागे ठोकळा लावायचा आणि गाडीच्या अंगावर एक थाप द्यायचा. ती थाप ऐकल्याशिवाय ड्रायव्हर उतरत नसे. ठोकळा काढून दोन थापा दिल्या की चला, निघा. नागसेन लहानपणी बाबांच्या खाटेला ठोकळा लावून हाच खेळ खेळायचा.

"खोला तुमाले जे पायजे ते," मुखरू म्हणाला. "मी मोह येचून येतो. सांज व्हायच्या आत निघा पन. वाघ हाये."

तो गेल्यावर नागसेन कामाला लागला. चेसिसखाली शिरायला तो ठोकळा नेमका आडवा येत होता. मेकॅनिकच्या हिशेबात तो निव्वळ अडगळ. बिनटायरची, मातीत रुतलेली गाडी, तिला कसला आलाय ठोकळा! त्यानं तो ओढून काढला आणि बाजूला फेकला. खालचे बोल्ट कुरकुरत का होईना, सुटले. आता फक्त वरून स्टेअरिंगचा मधला नट काढायचा होता. दार उघडून तो केबिनमध्ये चढला.

केबिनभर वाळवीची माती होती. सीटच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या. स्टेअरिंगवर मात्र धुळीचा कण नव्हता. गिअरची मूठ रोज हात लागत असल्यासारखी गुळगुळीत होती. नागसेननं पाना लावला, आणि त्याच वेळी दार त्याच्यामागे हलकेच लागलं.

गाडीच्या मागच्या अंगावर दोन थापा पडल्या.

"मुखरूभाऊ?"

पाचोळा वाजला नाही. कुणी आलं असतं तर दहा पावलं आधी कळलं असतं. नागसेन कान देऊन बसला. पुन्हा दोन थापा. या वेळी जवळून, अगदी त्याच्या पाठीमागच्या फळीवर. तळव्याचा भरीव आवाज.

नागसेन भूतबीत मानणाऱ्यातला नव्हता. माकड असेल म्हणून तो उतरायला वळला. दाराची मूठ फिरली, दार हललं नाही. खांदा लावला, लाथ मारली. पलीकडचं दार ओढून पाहिलं. इतकं गंजलेलं दार की बोट लावलं तर भोक पडावं, पण ते भिंतीसारखं घट्ट होतं. खिडकीला काच नव्हती. तो डोकं आणि एक खांदा बाहेर काढून वाकला... आणि थांबला.

त्याच्या छातीवर कुणीतरी हात ठेवला होता.

दिसत काही नव्हतं. पण तळवा होता, घट्टे पडलेला, गरम, डिझेलचा वास येणारा. त्या तळव्यानं त्याला मारलं नाही, ओरबाडलं नाही. चालत्या गाडीतून पडू पाहणाऱ्या माणसाला आत ढकलावं, तसं त्याला काळजीनं आत ढकललं. तो हात रागाचा असता तर त्याला इतकी भीती वाटली नसती.

फोन खाली थैलीत होता. तो ओरडत राहिला. घसा बसला, ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं, तेव्हा कुठे बांधावर मुखरू दिसला. डोक्यावर मोहाची टोपली. तो तिथेच थबकला.

"भाऊ..." त्याचा आवाज कसाबसा पोचला. "ठोकळा... कुठी हाये?"

"काढला! दार उघडून नाई राह्यलं, या ना इकडे!"

मुखरूनं टोपली खाली ठेवली, पण पाऊल पुढे टाकलं नाही. "चालत्या गाडीजवळ मी नाई येत, भाऊ."

"अरे चालते कुठी हे!"

"दोन थापा पडल्या ना...? मंग निघाली." मुखरू जमिनीकडे बघत बोलत होता. "आता खेप पुरी करा. गाव आलं का हिचा जुना क्लीनरच लावते ठोकळा... तोच उतरवते."

अंधारून यायला लागलं होतं. वेड्यासारखं वाटत होतं, पण दुसरा इलाज नव्हता. नागसेन स्टेअरिंगमागे नीट बसला आणि घाईघाईनं म्हणाला, "आली आरमोरी. पोचलो."

फळीवर दोन थापा पडल्या. इतक्या जोरात की छतावरची माती त्याच्या डोक्यावर सांडली.

मग त्याला कळलं. इथे लबाडी चालायची नव्हती. बाबांना जसं चालवताना पाहिलं होतं, तसंच चालवायला हवं होतं. त्यानं क्लच दाबला. गिअर टाकला. गंजून एकजीव झालेली ती दांडी लोण्यातून जावी तशी सरकली. "निघालो," तो म्हणाला. त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं. जंगलातला कच्चा रस्ता, पहिला नाला, तिथे गिअर बदलायचा. "कुरखेडा आलं..." केबिनमध्ये ओल्या बांबूचा वास दाटला. मागून कुणीतरी सैल आवाजात शीळ घालत होतं. वळण आलं की एक हलकी थाप, सांभाळून. तो सांभाळत होता. बाहेर सागाचं एक पान हलत नव्हतं, आणि त्याच्या तोंडावर मात्र वारा लागत होता. "वडसा आलं... रेल्वेचं फाटक बंद हाये... उघडलं." तो रडत होता. त्याला घर दिसत होतं, खाटेवरचे बाबा दिसत होते, आपण इथेच राहिलो तर त्यांना पाणी कोण पाजेल हे दिसत होतं. गाढवी नदीचा पूल. पेट्रोल पंप. आमची गल्ली. चिंच.

"आरमोरी," तो म्हणाला. "माहं घर. थांबलो... भाऊ, थांबलो मी."

शीळ थांबली. कुणीतरी खाली उडी मारली. चाकाखाली लाकूड घासत सरकल्याचा आवाज आला.

एक थाप.

दार आपसूक उघडलं आणि नागसेन पाचोळ्यात तोंडावर पडला. त्यानं फेकून दिलेला ठोकळा चाकामागे होता. पाने, थैली, स्टेअरिंग बॉक्स, सगळं टाकून तो पळत सुटला. बांधावर मुखरू बॅटरी घेऊन उभा होता. त्यानं आधी नागसेनला चाचपून पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "कोनतं गाव सांगतलं त्याले?"

"आरमोरी. घर."

मुखरूनं बॅटरी विझवली. "लाकडाचा डेपो सांगाचा होता, भाऊ..." तो पुटपुटला. "जिथी गाडी गेली, तिथी तो बी उतरते."

नागसेननं मोटरसायकल कशी हाकली ते त्याचं त्याला ठाऊक. कुरखेडा, वडसा, पूल, सगळं दुसऱ्यांदा मागे गेलं. गल्लीत अजून टीव्हीचे आवाज येत होते, कुठे भाकऱ्या थापल्या जात होत्या. त्याला जरा धीर आला. अंगणाशी आला तर फाटक सताड उघडं. खाट रिकामी. रिना हातात पाण्याचा गडवा घेऊन चिंचेखाली उभी होती.

"तुमी चढवलं का बाबाले?" तिनं विचारलं. "मी आत भात पाहाले गेली... आन् बाहेर येऊन पायतो तं..."

खुशालबाबा ट्रकमध्ये बसले होते. ड्रायव्हरच्या जागेवर, ताठ. समोर स्टेअरिंग नव्हतं, भोक होतं. तरी त्यांचे दोन्ही हात हवेत गोल धरलेले होते. उजवासुद्धा. दोन वर्षांत पेला न उचललेला तो हात सावकाश वळण घेत होता. चेहऱ्यावर नागसेननं कधी न पाहिलेला आनंद होता. हेच तर त्याला म्हाताऱ्याला द्यायचं होतं.

"नागसेन," बाबा म्हणाले. जीभ अडखळली नाही. "क्लीनर चांगला आनला रे. हलक्या हातानं चढवलं मले."

नागसेननं दाराला हात घातला. दार हललं नाही. त्यानं सगळा जोर लावला, रिनानंही लावला. मग त्याची नजर खाली गेली. या गाडीच्या चाकामागे तो नेहमी वीट ठेवायचा. वीट नव्हती. जवळच ऐनाच्या लाकडाचा एक ठोकळा काढून ठेवलेला होता, कुऱ्हाडीचे घाव अजून पिवळे असलेला.

"बाबा!" तो ओरडला. "गाव सांगा त्याले! घर म्हना... घर आलं म्हना!"

मागच्या फळीवर दोन थापा पडल्या.

"येडा हायेस का," बाबा हसले. त्यांनी समोर बघत डाव्या हातानं गिअर टाकला. "घरून तं आत्ता निघालो."

इंजिन बंद होतं. चिंचेचं एक पान हलत नव्हतं. पण खिडकीतून दिसणारे बाबांचे पांढरे केस वाऱ्यानं मागे उडत होते.