डाव्या खांद्यावरची शाल

"शेळी कुठे गेली?"

दिपालीला खरं तर अनोळखी माणसाला असं काही विचारायचं नव्हतं. पण निघून गेलं तोंडातून. सुरतेत उधन्याहून लिंबायतला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती आणि तो खेटून बसले होते आणि तो मांडीवरच्या मोबाइलमध्ये एकच प्रसंग मागे घेऊन घेऊन बघत होता. दारात उभी राहून एक बाई नवऱ्याशी भांडत होती. दाराच्या कडीला शेळी बांधलेली होती. मग नवरा दिसला, मग पुन्हा बाई दिसली — आणि शेळी नाहीच.

त्याने मान वर केली. "कोणती शेळी?"

"तुमचीच. आत्ता दारात होती... आता नाहीये."

त्याने प्रसंग मागे नेला. बघितला. पुन्हा नेला, पुन्हा बघितला. त्याच्या कपाळावर आठी आली, आणि मग तो एकदम हसायला लागला. असा मोकळा, की रिक्षावाल्यानेही आरशातून बघितलं.

"शेजारणीची होती," तो म्हणाला. "शूटिंग चालू असताना चाऱ्याला घेऊन गेली वाटतं. आणि मी किती दिवस हे जोडत बसलोय! बाई भांडत होती, मी तिच्या तोंडाकडे बघत होतो."

"मीपण तोंडाकडेच बघत होते," दिपाली म्हणाली. "पण शेळी दिसतेच ना."

लिंबायत येईपर्यंत तिला कळलं की त्याचं नाव लखन. घर भेस्तानला, वडील गवंडीकाम करतात, मूळ गाव वाशीमकडचं. लखन लग्नांचे व्हिडिओ काढायचा, आणि सध्या लिंबायतच्या पंडितभाऊंचा अहिराणी पिक्चर शूट करून घरच्या कॉम्प्युटरवर जोडत होता. पंडितभाऊंचा धंदा मंडप-डेकोरेशनचा, पण आयुष्यात एकदा आपल्या बोलीतला पिक्चर काढायचाच, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

त्याला कळलं की ती दिपाली. तिचे पपा कापड विणायच्या लूमवर कामाला, आणि ती रिंग रोडच्या कापड मार्केटात साड्या तपासते. दिवसभर एकेक घडी उलगडायची आणि कुठे छपाई सरकली, कुठे काठाचा रंग बदलला ते शोधायचं. डोळ्यांना तीच सवय लागलेली. घरी टीव्ही लागला की हिरॉइनची टिकली गोल होती ती लांब झाली, पावसात भिजलेला माणूस घरात शिरताच कोरडा झाला, हे तिला दिसायचंच. न बघायचं ठरवलं तरी दिसायचं.

उतरताना लखन घुटमळला. "रविवारी शूटिंग आहे... याल का? कुणीतरी शेळीकडे बघणारं पाहिजे."

दिपालीच्या आईने, मालतीबाईंनी, आधी नाहीच म्हटलं. पिक्चरवाल्यांत मुलीचं काय काम? पण पंडितभाऊ त्यांच्याच अमळनेर तालुक्यातले, त्यांची बायको पूर्ण वेळ तिथे असणार, आणि मुख्य म्हणजे दिपालीने एकदा ठरवलं की ती जेवताना, भांडी घासताना, पाणी भरताना तेच बोलत राहायची. शेवटी मालतीबाई कंटाळून हो म्हणाल्या.

शूटिंग रविवारीच व्हायचं. त्या दिवशी गल्लीतले लूम बंद असत, नाहीतर संवादांवर खटखट चढायची. दिपालीने पहिल्याच दिवशी सगळ्यांना हैराण केलं. शॉट संपला की ती मोबाइलवर फोटो काढायची, आणि पुढचा शॉट सुरू व्हायच्या आत "थांबा" म्हणायची. घागर उजवीकडे होती. पदर डोक्यावर होता. पंडितभाऊंचं गुजराती उत्तर ठरलेलं — "चालशे, चालशे." आणि दिपालीचंही ठरलेलं — "नाही चालणार, भाऊ." कुरकुर करत का होईना, घागर उजवीकडे जायची.

लखन मात्र तिची परीक्षा बघू लागला. चहा पिऊन परत यायचा तेव्हा मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातात गेलेलं असायचं. कधी शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी सोडलेली. दिपाली बघायची, काही बोलायची नाही. तो कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला, की तिकडे न बघताच म्हणायची, "घड्याळ."

"बघत होता तर तुम्ही," तो हळूच म्हणायचा.

"कामच आहे माझं."

"पिक्चरमधल्या माणसांकडे बघायचं काम आहे. मी कुठे पिक्चरमध्ये आहे?"

 मग ती उगाचच कुणाचातरी पदर सारखा करायला जायची... कानांच्या पाळ्या तापलेल्या असायच्या.

थंडीचे दिवस होते. लखन कधी येताना गरम पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आणायचा, शेव घालून, लिंबू पिळून. सगळ्यांनी मूठमूठ घेतल्यावर उरलेला कागद दोघांच्या मध्ये असायचा आणि वाद सुरू व्हायचा. तो म्हणायचा की प्रेक्षक माणसांत गुंतला, की त्याला घागर दिसत नाही. ती म्हणायची, दिसते. फक्त आपल्याला काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही, आणि मग माणसंच खोटी वाटायला लागतात. तो तिला मुद्दाम चिडवायचा. चिडली की ती ज्वारीचे दाणे एकेक करून चावायची, आणि तिचं बोलणं अहिराणीत घसरायचं. त्याला ते अर्धंच कळायचं, पण तो सगळं कळल्यासारखा ऐकत राहायचा.

मग तो शालीचा प्रसंग आला.

पिक्चरमधला मुलगा घरी न सांगता निघून जातो, आणि बापाला ते कळतं. बापाच्या भूमिकेत होते धुडकू आबा. सगळं आयुष्य लूमवर गेलेला, कमी बोलणारा म्हातारा. आधी लांबून शॉट झाला: आबा खाटेवर, शेजारी पिक्चरमध्ये त्यांची बायको झालेल्या मंदाताई, आबांच्या डाव्या खांद्यावर शाल. जेवणानंतर कॅमेरा जवळ नेला. दिपाली "थांबा" म्हणायच्या आत आबांनी संवाद सुरू केला आणि ते मध्येच थांबले. त्यांचे ओठ नुसते हलत राहिले. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांची खरी बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. लखनने कॅमेरा चालूच ठेवला.

दिपालीने त्या वेळी फोटो काढला नाही. ती रडत होती.

पुढच्या आठवड्यात भेस्तानला लखनच्या घरी, त्याच्या आईने दिलेला चहा हातात धरून ती तो प्रसंग बघत होती, आणि चहा तसाच राहिला. लांबून शाल डाव्या खांद्यावर. जवळून उजव्या.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "परत घेऊ या."

"परत नाही घेता येणार."

"का? आबा गावाहून आले की..."

"आबा वर्षश्राद्धाला गेलेत, दिपाली. ते करून आलेल्या माणसाला सांगू, की पुन्हा तसंच रडा, शाल चुकली?" लखनचा आवाज चढला नव्हता, पण त्यात चेष्टाही नव्हती. "आणि त्या वेळी जर कुणी शालीकडे बघत असेल, तर आपला पिक्चरच फसला."

"मी बघतेय."

"आज बघतेयस. त्या दिवशी नव्हतीस बघत."

ते तिला लागलं. कारण ते खरं होतं. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली की शाल अशीच राहणार असेल, तर शेवटी येणाऱ्या नावांत माझं नाव नको. लखनने तिला थांबवलं नाही. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की तो आज तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता... आणि तेही भांडताना.

काही दिवस दोघं बोलले नाहीत. मार्केटात साड्यांच्या घड्या तिच्या हातांखालून सरकत राहिल्या. लखनचं बरोबर होतं, हे तिला पटत होतं. आपलंही बरोबर आहे, हेही पटत होतं. आणि दोन्ही बरोबर असताना एकाने गप्प बसायचं, हे तिच्या स्वभावातच नव्हतं. काहीतरी वाट असणार. ती काढायचीच.

एका दुपारी शेजारी काम करणाऱ्या सुषमाताई वाकून गठ्ठा बांधत होत्या. त्यांची ओढणी घसरली. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून दुसऱ्या बाईने येता येता ती उचलून त्यांच्या दुसऱ्या खांद्यावर टाकली आणि निघून गेली. सुषमाताईंनी वर बघितलंही नाही.

दिपालीने घडी अर्धी टाकून लखनला फोन लावला.

"शाल डावीकडून उजवीकडे गेली, एवढंच ना? मग ती कुणीतरी नेली. आपण नेणारा हात दाखवू. बायकोचा हात. लांबच्या शॉटनंतर, आबा रडायच्या आधी."

पलीकडे माउसची टिकटिक ऐकू आली.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," लखन म्हणाला. "त्या हातामुळेच ते रडले, असं वाटेल मग." मग तो म्हणाला, "मला सुचलं नसतं हे."

अडचण वेगळीच निघाली. मंदाताईंच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्यांचे दोन्ही हात मेंदीने कोपरापर्यंत भरलेले. आबा गावाहून यायला वेळ होता, आणि पिक्चर दाखवायचा हॉल तर ठरलेला. तेव्हा हात दिपालीचा ठरला, मंदाताईंच्या हिरव्या बांगड्या घालून. खांदा लखनचा, आबांचा सदरा घालून. प्रसंग आबांच्याच खोलीत घेतला होता, आणि तिची किल्ली शेजाऱ्यांकडे होतीच. कॅमेऱ्यामागे पंडितभाऊ उभे राहिले.

"वाका थोडे," दिपालीने सांगितलं. "आबांचा खांदा उतरलेला आहे."

तो वाकला. तिने डाव्या खांद्यावरच्या शालीला हात घातला — आणि शेजारच्या खोलीत मिक्सर सुरू झाला. पंडितभाऊ वैतागले. "जसे आहात तसेच राहा, हलू नका. मी बंद करायला सांगून येतो," म्हणून चपला घालून बाहेर पडले.

दोघं तसेच राहिले. तिचा हात त्याच्या खांद्यावर. खिडकीतून ऊन येऊन शालीवर पडलं होतं. मिक्सर घरघरत होता, आणि त्या आवाजातही तिला त्याचा श्वास जाणवत होता, हाताखाली खांदा वर जाताना, खाली येताना.

"दिपाली..."

"हलू नकोस."

"हलत नाहीये. तू मला 'तू' म्हणालीस."

तिने शाल मुठीत घट्ट धरली.

"मला एक सांगायचंय. मान वळवता येत नाही, तेच बरंय... तोंडाकडे बघून नसतं जमलं. त्या भांडणानंतर मी तो प्रसंग रोज बघितला. आबा रडतात, पण मला शालच दिसायची. तू माझे डोळे बिघडवलेस." तो हसला, आणि खांदा हलला. "मला तू रोज पाहिजेस. शूटिंग संपल्यावरपण. मला लग्न करायचंय तुझ्याशी."

मिक्सर बंद झाला. अचानक फार शांत वाटलं.

"आधी पिक्चर पुरा होऊ दे," ती म्हणाली. "मग सांगते."

"नाही म्हणणार असशील, तर आताच सांग."

"मग सांगते म्हटलं ना."

पंडितभाऊ आले. पहिल्या शॉटला शाल नीट गेली, पण बांगड्या किणकिणल्या.

"ऐकू आलं," लखन पुटपुटला.

"माहीत आहे," दिपाली म्हणाली. "परत घ्या, भाऊ."

पिक्चर लिंबायतच्या समाजाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी दाखवला. लोक खाली सतरंजीवर बसले, मुलं भिंतीला टेकून उभी. माणसं नको तिथे हसली, हवं तिथेही हसली. मग आबांचा प्रसंग आला. हिरव्या बांगड्यांचा हात पुढे झाला, घसरती शाल उचलून त्याने दुसऱ्या खांद्यावर नीट ठेवली, क्षणभर तिथेच थांबला. आणि आबांचे ओठ हलू लागले.  पुढच्या रांगेत बसलेल्या धुडकू आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. शेवटच्या नावांत दिपालीचं नाव होतं.

बाहेर पायऱ्यांवर मालतीबाई चपला शोधत होत्या. दिपालीने त्या पुढे सरकवल्या.

"तो हात तुना व्हता ना?" मालतीबाईंनी विचारलं.

"हा, माय."

"आनि खांदा? आबाना नव्हता तो. कोना व्हता?"

खालच्या पायरीवर लखन वायरची गुंडाळी करत होता. त्याचे हात थांबले. दिपालीने एकदा त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे.

"लखनना व्हता," ती म्हणाली. "माय, माले तो आवडस. मी त्यानासंगेच लगीन करसू."

 मालतीबाईंनी लखनला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. कुठले तुम्ही, वडील काय करतात, घरी कोण कोण, हे विचारलं. तो वायर छातीशी धरून शाळेतल्यासारखा उत्तरं देत राहिला. मग त्या मुलीकडे वळल्या. तो आपल्याकडचा नाही, आपल्यातला नाही, तुझा बाप नाही म्हणेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"नही म्हनू दे," दिपाली म्हणाली. "मी सकाय परत इचारसू. परवा बी इचारसू."

तिला ओळखणाऱ्या मालतीबाईंनी सुस्कारा सोडला.

दिपाली दोन पायऱ्या उतरून लखनसमोर उभी राहिली. "मिळालं ना उत्तर?"

"मिळालं... पण ते आईंना दिलंस."

"मग तुलाही देते." सगळा हॉल बाहेर पडत होता, कुणी वळून बघत होतं, पंडितभाऊ तर सरळ बघतच होते. तिने त्याच्या हातातली वायर काढून पायरीवर ठेवली आणि हात हातात घेतला. "तू मला आवडतोस. खूप. आता चल घरी. पपांची सुट्टी आहे आज, झोपून उठले असतील."

"आता? लगेच?"

"लगेच."

मालतीबाई तोवर रस्त्याला लागल्या होत्या. मागे वळून न बघताच त्यांनी आवाज दिला, "वाटमा दूध लई ल्या. चहा ठेवना पडी."