जादा फळी

मला कोणी तापट म्हणो, हेकट म्हणो, मी ऐकून घेईन, कारण ते खरं आहे. पण भर बाजारात मला कोणी चोर म्हणेल, आणि तेही लाकूडचोर, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आमचं घर मूळचं वाईचं. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेली कैरीसुद्धा उचलायची नाही, अशा शिस्तीत मी वाढलो. लोणंद स्टेशनासमोर माझी लाकूड कापायची गिरणी आहे, आणि तिथून कोणाचा ढलपासुद्धा कमी होऊन गेलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

लढाई संपली त्या साली माझ्यापुढे प्रश्न होता तो पट्टा करवतीचा. एक चाक वर, एक खाली, दोन्हींवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी, आणि ओंडका पुढे सरकवायची लोखंडी गाडी, असं ते यंत्र. सांगलीच्या एका व्यापाऱ्याकडून मी ते जुनंच घेतलं होतं. लढाईत लष्करी खोक्यांच्या फळ्या कापून कापून त्याचा जीव गेला. वरचं चाक डुगडुगायला लागलं, आसाचे बुश झिजले, आणि पट्टी आखलेली रेघ सोडून भलतीकडे जाऊ लागली.

माझे थोरले बंधू तात्या सांगलीला असतात, त्यांचाही लाकडाचाच धंदा. येतील तेव्हा तोच विषय.

"गंगाधर, भंगारात घाल ती. म्हातारीला काठी देऊन काय पळायला लावणार आहेस? लष्कराचा माल विकायला निघालाय, मी बोलून ठेवतो. नवी घे."

"तात्या, चाक डुगडुगलं म्हणून कोणी बैलगाडी टाकून देत नाही. चाक बदलतात."

"बदल मग. आणि बस भुसा चिवडत."

हे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चाललं होतं. मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बघू.

आमच्याकडची एक पद्धत सांगितली पाहिजे. शेतकरी ओंडका घेऊन आला की त्याच्या कापल्या तोंडावर गेरूने आपली खूण काढतो. कोणाची त्रिशूळ, कोणाची चांदणी, कोणाची बैलावरच्या डागासारखी. ओंडका चिरला की प्रत्येक फळीच्या टोकाला त्या खुणेचा एकेक तुकडा येतो. मग फळ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने, मधे काड्या घालून, रचून ठेवायच्या. म्हणजे त्या वाकत नाहीत, खूण पुन्हा जुळते, आणि माझी फळी तुझ्यात गेली हे भांडण उरत नाही. पद्धत चांगली आहे. मीच ती गिरणीत कडक पाळायला लावली.

पौष संपत आला होता. अर्जुना शेळक्याचा कडुलिंब दाराच्या फळ्यांसाठी आला होता. करवतीवर माझा जुना माणूस आकाराम. शेवटची फळी उतरवली की गाडी रिकामी व्हायला हवी. आकाराम तिथेच उभा राहिला.

"मालक, ह्यो आंबा कुणाचा?"

गाडीवर आणखी एक फळी होती. आंब्याची. एका बाजूला साल तशीच.

"कुणाचा म्हणजे? तूच मिसळला असशील कुठला तरी."

"म्या कशाला मिसळू? लिंबाबिगर दुसरं कायबी चढिवलेलं न्हाई."

मी त्याला झापला. झोपेत काम करतोस, तंबाखू कमी कर, असं बरंच काही बोललो. फळी कोपऱ्यात भिंतीला लावून ठेवली आणि विसरून गेलो.

मग रेल्वेने आलेला सागवान चिरला. शेवटी गाडीवर आंब्याची फळी. मग कोणाची बाभूळ, कोणाची जांभूळ. प्रत्येक ओंडक्याच्या शेवटी तेच. मी स्वतः गाडीपाशी उभा राहू लागलो. शेवटची फळी खाली गेली, गाडीचं लोखंड मी डोळ्यांनी पाहिलं, रिकामं. इंजिनाने एक आचका दिला म्हणून मान वळवली आणि परत पाहिलं तर फळी होती. ताजी कापलेली, हाताला गरम, वर ओला भुसा. साऱ्या वखारीत आंब्याचा एक तुकडा नव्हता, पण नाकात आंब्याच्या चिकाचा वास भरला होता.

आकाराम म्हणाला, "मालक, आवसंला गिरणी चालिवली आपण, त्येचं हाय हे."

"लढाईत दर अवसेला चालवली! तेव्हा का नाही आली आंब्याची फळी? तेव्हा काय आंबे नव्हते?"

आकारामच्या हाताला वळण पडलेलं. त्या फळ्या कोपऱ्यात तो मधे काड्या घालून क्रमाने रचत गेला. फाल्गुन लागेपर्यंत तिथे निम्मा बुंधा उभा राहिला, आणि टोकांवर गेरूची निम्मी खूण. नांगराच्या फाळाचा आकार आणि मधे टिंब. ही खूण पंचक्रोशीत एकाच माणसाची.

भाऊसो जगदाळे जू करायला लाकूड घेऊन आला तो दिवस मी विसरणार नाही. कालव्याकाठी त्याचा ऊस आहे, एक भाऊ पलटणीत. तसा बरा माणूस. कोपऱ्याकडे लक्ष गेलं आणि तो थबकला. जवळ जाऊन त्याने फळ्यांवरून हात फिरवला. एका फळीत लोखंडी खुंटी होती, उभी चिरलेली, आरपार. तिचा दुसरा अर्धा भाग पुढच्या फळीत. लोखंड चिरताना पट्टीचे दात उडायला हवे होते. माझ्या पट्टीचा एकही दात दुखावला नव्हता.

"ही खुटी माझ्या बानं ठोकल्याली," भाऊसो म्हणाला. "पेरणीची पिशवी अडकवायला. बांधावरच्या आंब्याला. आन् खून बी माझीच."

"मग जाऊन बघ की तुझा आंबा."

तो तसाच गेला. संध्याकाळी परत आला, चेहरा उतरलेला.

"झाड उभं हाय. खुटी बी हाय."

"झालं तर! झाड उभं आहे, मग मी चोरलं काय?"

"ते मला ठावं न्हाई. पर लाकूड माझंच हाय."

कपाळ! झाड जागेवर आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि वर मलाच चोर ठरवतो. पण गावाला खरं-खोटं करायला वेळ कुठे असतो! बाजाराच्या दिवशी मी रस्त्याने निघालो की दोघे-तिघे बोलता बोलता गप्प व्हायचे. गिऱ्हाईक ओंडका टाकून शेताकडे जायचं ते बंद झालं. करवतीपाशी उभं राहून फळी मोजू लागलं. एका पोरसवदा वाण्याने हसत विचारलं, "काय मालक, आज कुणाचा आंबा?" त्याच्या कानाखाली वाजवणार होतो. नाही वाजवली. रात्रभर हात शिवशिवत होता.

तात्या आले. या वेळी थट्टा नव्हती.

"यंत्र बदनाम झालंय. आता तरी नवं घे."

"आता तर मुळीच नाही! नवं घेतलं की लोक म्हणतील, चोरी उघडी पडली म्हणून यंत्र बदललं. मी हिलाच नवी करतो."

आणि केली. यंत्र पार उघडलं. दोन्ही चाकं नवी ओतून आणली, बुश नवे बसवले, पट्टी नवी कोरी, पितळेचा डाग देऊन जोडलेली. पुन्हा उभी केली तेव्हा ती इतकी सरळ चालली की आखलेली रेघ मधोमध दुभंगत होती. मी आकारामकडे पाहिलं. तोही खूश होता. पहिलाच ओंडका शिसवीचा.

शेवटी गाडीवर आंब्याची फळी आली. नव्या पट्टीने कापलेली, आरशासारखी गुळगुळीत.

तेव्हा मी हट्ट सोडला. तात्यांना निरोप धाडला, नवं यंत्र पाठवा. जुनं रुळापलीकडे नेऊन, सुटं करून टाकलं. नवं आलं तेव्हा त्याच्यावर लष्करी हिरवा रंग होता आणि जुन्यातला एक खिळासुद्धा त्यात नव्हता. आणि मी भाऊसोला सांगून पाठवलं: पंच घेऊन ये. तुझ्या डोळ्यांदेखत कापतो. त्यानंतर या बाजारात तुझ्या तोंडून माझं नाव चोर म्हणून निघालं तर बघ.

चैत्रातली सकाळ होती. पंच म्हणून लालासाहेब भोईटे आले. त्यांच्या शब्दापुढे गावात कोणी जात नाही. भाऊसो आला. मी जांभळाचा ओंडका विकत आणून ठेवला होता. लालासाहेबांनी तो चहूबाजूंनी काठीने ठोकून पाहिला. गाडीखाली वाकून पाहिलं. भाऊसोने भुशाच्या खड्ड्यात उतरून पाहिलं.

"चालवा," लालासाहेब म्हणाले.

फळ्या पडत गेल्या. जांभळाच्या, तांबूस. भाऊसो मोठ्याने मोजत होता. मी गाडीवरून नजर काढली नाही. इंजिनाने आचका दिला, तरी काढली नाही. डोळ्यांत पाणी आलं, तरी पापणी मिटली नाही.

शेवटची फळी उतरली. गाडी रिकामी होती.

मी हसलो. कित्येक महिन्यांनी हसलो. "बघा!" म्हणून मी लालासाहेबांकडे वळलो.

ते माझ्याकडे पाहत नव्हते. गाडीकडे पाहत होते.

आंब्याची फळी होती. एका बाजूला साल.

आकारामने इंजिन बंद केलं. त्याने ती फळी उचलली, कोपऱ्यात नेली आणि ढिगावर ठेवली. ती तिथे बरोबर बसली. दोन्ही अंगांना साल आली, बुंधा पुरा गोल झाला. टोकावरची खूण पुरी झाली: फाळ, आणि मधे टिंब.

"आता न्हाई यायची दुसरी," आकाराम म्हणाला. "संपलं झाड."

माझा तोल गेला. "संपलं? झाड बांधावर उभं आहे! चला! आत्ताच्या आत्ता चला! झाड जागेवर नसेल तर मी चोर. गिरणीला कुलूप लावतो आणि वाईला जातो. आणि असेल, तर भाऊसो, तू सगळ्यांदेखत तोंडाने म्हणायचं की मी चोर नाही."

"म्हनीन," भाऊसो म्हणाला.

कालव्याच्या कडेने आम्ही चालत गेलो. वळण आलं तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे झालो.

झाड उभं होतं.

चांगलं डेरेदार, कैऱ्यांनी लगडलेलं. भाऊसोने जाऊन बुंध्यावर थाप मारली, भरीव आवाज आला. अंगातली बंडी काढून त्याने खुंटीला अडकवली. लालासाहेबांनी खाली पडलेली एक कैरी उचलून फोडली, चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"झाड हाय," ते म्हणाले. "मंग चोरी कसली? भाऊसो, बोल."

भाऊसो माझ्यासमोर आला. त्याने हात जोडले. "मालक, चुकी माझी. तुमी चोर न्हाई. बाजारात उभं ऱ्हाऊन सांगन."

इतके दिवस शिव्या तयार ठेवल्या होत्या, एकही आठवली नाही. मी म्हटलं, "असू दे, भाऊसो."

"असं न्हाई," लालासाहेब म्हणाले. "गूळ खायचा. ह्याच झाडाखाली. गूळ खाल्ला की मागचं उकरायचं न्हाई. ना त्यानं, ना तुमी. कोन उकरंल त्यो खोटा."

भाऊसोची आई बनुबाई वस्तीवरून गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. आम्ही बसलो. मला मानाने बुंध्यापाशी बसवलं. म्हातारीने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि मी तो तोंडात टाकला. भाऊसोने टाकला. मिटलं.

"बसा वाईच निवांत," बनुबाई म्हणाली. "गार हाय बगा हितं."

डोक्यावर दुपार आली होती. लालासाहेबांच्या पागोट्यावर पानांच्या सावल्या हलत होत्या. भाऊसोच्या उघड्या खांद्यावर हलत होत्या. बनुबाईच्या लुगड्यावर, गुळाच्या ताटलीवर हलत होत्या.

माझ्या मांडीवरचं धोतर पांढरंफेक तळपत होतं.

मी वर पाहिलं. वर पानं होती. डोळे दिपले.

मी थोडा सरकलो. आणखी सरकलो. कानामागून घाम ओघळला. तांब्या हातात धरवेना इतका तापला होता. मी तो खाली ठेवला. बनुबाईने उचलला आणि गटागटा पाणी प्याली.

तोंडातला गूळ विरघळला होता.

"मालक," भाऊसो मायेने म्हणाला, "आवं, उनात काय बसलाय? सरका की आत, सावलीत."

मी बुंध्याला टेकून बसलो होतो.