‘येतो’ म्हटलं की

चार महिन्यांपूर्वी वारलेले संतोषराव जगदाळे रोज सकाळी आठला कराडच्या आपल्या घरात भिंतीवरून चहा मागत. शेजारच्या खुर्चीत मुलगा अर्णव बसलेला असे. तो मात्र जिवंत होता, कॅनडात.

त्या काळी घरोघरी अशी ‘सोबतभिंत’ होती. बाहेर गेलेल्या माणसाची हुबेहूब छबी ती त्याच्या नेहमीच्या जागी दाखवी, त्याच्याच लकबीत बोलती करी. तिच्या पोटात नियम एकच: माणूस परत येणार असेल तर दाखव, नसेल तर पूस. इतका सरळ नियम, पण मेलेला माणूस काही पुसला जाईना. आईला वेड लागेल म्हणून अर्णवनेच तक्रार केली आणि दुरुस्तीला इरा तांबोळी आली.

“मी रोज सांगते, अहो, तुम्ही गेलात,” संतोषरावांच्या पत्नी रेश्माकाकू म्हणाल्या. “ऐकतील तर शपथ! जिवंतपणी तरी कुठं ऐकलं?”

इराने नियम उलगडला आणि कपाळावर हात मारला. परत येणार की नाही, हे भिंत निरोपाच्या शब्दावरून ठरवत होती. ‘जातो’ म्हटलं की पुसायचं, ‘येतो’ म्हटलं की दाखवत राहायचं.

“अगं बाई! निघताना ‘जातो’ कोण म्हणतंय?” काकू हसल्या. “दवाखान्यात नेताना स्ट्रेचरवरूनसुद्धा हे ‘येतो गं’च म्हणाले.”

“तेच तर! भिंत बनवणाऱ्यांना शब्द ठाऊक होते, उंबरठा ठाऊक नव्हता.”

कंपनीने नवा नियम धाडला होता. नुसती मृत्यूची नोंद पाहून भागत नव्हतं. रुसून गेलेले जावईसुद्धा वर्षानुवर्षं भिंतीवर जेवत बसले होते. तेव्हा आता शब्द ऐकायचाच नाही. आजवरच्या खेपा, काढलेली तिकिटं पाहून परतण्याची शक्यता काढायची. शंभरात एकाहून कमी निघाली की पुसायचं.

काकूंचा चेहरा उतरला. “म्हणजे हे आज जाणार. बरं, जाऊ देत. पण अर्णव राहील ना? तो समोर असला तर मी दिवस काढीन.”

“त्यांना काय होतंय? चांगले जिवंत आहेत की!” इरा म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

संतोषरावांनी कप तोंडाला लावला आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. काकूंनी ओढणी डोळ्यांना लावली. ती खाली घेतली तेव्हा अर्णवची खुर्चीही रिकामी होती.

“काही बिघडलं का गं?”

इराने तीनदा तपासलं. अकरा वर्षांत अर्णव एकदाच आला होता. वडील गेले तेव्हाही नाही. दर रविवारी फोनवर मात्र ‘दिवाळीला येतो, आई’ असं ठरलेलं.

“नाही, काकू. आता बरोबर चालतंय.” तिला स्वतःचीच लाज वाटली. “मी हाताने ‘दाखव’ लिहून ठेवू? मग ते कायम दिसतील.”

“येणार नसला तरी?”

“तरी.”

काकूंनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. “मग नको.”

इराने पिशवी उचलली. दाराशी रोजचा शब्द ओठांवर आला आणि ती तशीच उभी राहिली.

“येते म्हण गं,” काकू म्हणाल्या. “म्हणायला काय जातंय?”