एक्केचाळीस नंबरची रेघ

मी सांगतोय ते खरं आहे. ज्यांना थापा वाटतील त्यांनी इथेच थांबावं, उगाच माझं डोकं खाऊ नये. हे माझ्या सख्ख्या गुरुप्रसादमामाच्या बाबतीत घडलं, आणि शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिलाय.

साल २००२. शिमगा होऊन आठच दिवस झाले होते. जागा रत्नागिरीपासून तासाभरावरच्या आमच्या आजोळगावामागचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान.

रात्र नव्हती. भर दुपार होती. भुतं रात्रीच निघतात असं म्हणणाऱ्यांनी कोकणातला दुपारचा सडा पाहिलेला नसतो.

मामा बीएस्सी झालेला. तेल आणि वायू शोधणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रांच्या गाडीत कामाला होता. आपल्या जांभ्याखाली काळा कातळ. त्याच्याही फार खाली जुना गाळाचा खडक असेल, तर त्यात तेल असू शकतं. तेल आपलं वर यायला बघतं. वाटेत घट्ट खडकाचं झाकण लागलं की तिथेच अडकतं, कोट्यवधी वर्षं. असं झाकण कुठे आहे ते शोधायचं, हे यांचं काम.

शोधायचं कसं? भोकात छोटा सुरुंग उडवायचा. हादरा खाली जातो आणि एकेका थरावर आपटून परत येतो. तो ऐकायला जमिनीत ओळीने शहाण्णव जिओफोन खोचलेले. मुठीएवढं यंत्र, खाली खिळा, वरून तार थेट गाडीत. गाडीतल्या पडद्यावर प्रत्येकाची एक रेघ. गुरं चरली, माणूस चालला, तरी रेघ थरथरते. असा नको तो आवाज आला की तो नंबर बंद करायचा. ते मामाच्या हातात होतं.

नको तो आवाज...

जिओफोन खोचणाऱ्या गड्यांत सदू होता. मामाचा चुलतभाऊ, चिमाकाकीचा एकुलता एक. मामानेच त्याला कामाला लावला होता. यंत्र खोचून झालं की गडी शेजारी तीनदा ठोकायचे. ठक ठक ठक. रेघ उडाली की मामा समजायचा, नीट बसलंय.

मंगळवारी सकाळी सदू कामावरच्या साहेबाशी भांडला.

"साहेब, एक्केचाळीसपाशी सुरुंग नको. खाली पोकळ हाय. चालताना पायाला कळतंय."

साहेब बाहेरचा. तो हसला. "तुझे पाय म्हणजे काय मशीन आहे का?"

"मंग तुमीच खोचा. मी जातो मुंबैला," सदू तडकून म्हणाला.

म्हणाला खरा, पण तार उचलून कामालाच गेला. तोंडाने फटकळ, हाताने कामसू असा गडी तो.

बाराला सुरुंग उडाला. सगळे जेवायला गाडीपाशी आले. सदू आला नाही.

"गेला वाटतं मुंबईला," साहेब म्हणाला आणि हजेरीवर काट मारली. मामानेही मान डोलावली. मला आजही याचाच संताप येतो. सदूचा डबा गाडीतच होता हो! डबा टाकून कोण मुंबईला जातो?

दुपारी एक वाजता एक्केचाळीसची रेघ हलली.

ठक ठक ठक...

थांबली.

ठक ठक ठक...

मामाला वाटलं, लायनीवरची पोरं चेष्टा करतायत. साहेब खेकसला, "बंद कर तो नंबर. सगळं काम खराब होतंय."

मामाने बटण दाबलं.

बुधवारी पुन्हा तेच. मामा दारातून ओरडला, "कोण बडवतोय रे? हात मोडून ठेवीन!" सड्यावर कुणी नव्हतं. गडी सावलीला बसले होते. लांब एक्केचाळीसपाशी करवंदीची एक जाळी तेवढी दिसत होती.

त्याने बटण दाबलं.

गुरुवारी ठोके मंद होते. दोन... मग बराच वेळ काही नाही... मग एक.

त्याने बटण दाबलं.

शुक्रवारी रेघ सरळ होती. मामाने वहीत लिहिलं, 'एक्केचाळीस ठीक.'

त्या संध्याकाळी चिमाकाकी आली. "गुरू, मुंबैस्नं फोन आलेला. सदू तिकडं पोचला नाय. माजा पोर मला न सांगता जायचा नाय. जरा बग ना."

"येईल गं काकी," मामा म्हणाला.

शनिवारी लाइन दोन किलोमीटर पुढे गेली. नवे जिओफोन, नवी तार. सुरुंग भरायचा होता. मामा गाडीत एकटाच यंत्र चालू करून बसला होता. साहेब दारात चहा पीत उभा.

एक्केचाळीसची रेघ उडाली.

ठक ठक ठक...

मामाने बटण दाबलं. रेघ उडतच राहिली. तार उपसावी म्हणून तो खाली वाकला...

तार अजून जोडलेलीच नव्हती. भेंडोळं त्याच्या पायाशी पडलं होतं.

मग बेचाळीस हलली. त्रेचाळीस. बघता बघता शहाण्णवच्या शहाण्णव रेघा एकदम उडायला लागल्या. गाडीचा पत्रा थरथरला. साहेबाच्या हातातला चहा सांडला. तो किंचाळत होता, "बंद कर! बंद कर!"

आणि मामाला कळलं.

पहार घेऊन तो जुन्या जागेकडे धावत सुटला. जाळीखाली जांभा खचला होता आणि वरून ढासळलेल्या दगडांनी तोंड बुजलं होतं. गड्यांनी दगड काढले. खाली माणूस बसेल एवढी पोकळी होती.

त्यात सदू होता. हातात दगड घट्ट धरलेला. डोक्यावरच्या जांभ्याला, बरोबर एक्केचाळीसचा जिओफोन खोचला होता त्याखाली, ठोकून ठोकून खळगा पडला होता.

त्याला ठाऊक होतं, त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला आपला भाऊ बसलाय.

सगळं कळल्यावर चिमाकाकी रडली नाही. ती मामासमोर येऊन उभी राहिली. "तीन दिस तुला हाका मारीत व्हता माजा पोर. आनि तू कान झाकून बसलास. आता जल्मभर आयक."

साहेबाने वर कळवलं, कामगार सुट्टीवर असताना पडला. पुढे त्याला बढतीही मिळाली म्हणे. तेल मात्र टिपूसभर मिळालं नाही.

मामाने नोकरी सोडली. २००८ च्या मे महिन्यात मी रत्नागिरीला त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. घर सपाट कातळावर, खाली तळघर नाही, काही नाही.

एक वाजला. मामा पानावरून उठला, खाली वाकला आणि त्याने फरशीवर तीनदा ठोकलं.

"ऐकतोय रे सदू..."

हे काय, म्हणून मी विचारणार होतो.

खालून उत्तर आलं.

ठक. ठक. ठक.

माझ्या पानातली आमटीची वाटी हलली. मामी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आधी हळू वाजायचं. दर वर्षी जोर वाढतोय."

मदत मागणारा माणूस असा ठोकत नाही. दार फोडायला आलेला ठोकतो.

"मामा, घर बदल," मी म्हटलं.

"हे तिसरं आहे."

मला रागच आला. "मग त्या साहेबाच्या घरी का नाही वाजत? बंद कर म्हणणारा तो होता!"

मामाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"बटणावर बोट माझं होतं."

तेव्हापासून दुपारी एक वाजता मी जमिनीला पाय टेकवून बसत नाही. परवा त्याच वेळी माझ्याच घरी खुर्चीत पाय वर घेऊन बसलो होतो, तर टेबलावरचा पेला आपोआप हलला... तीनदा.